उपग्रहाच्या किरणाने विक्रम जागा होणार नाही

माझ्या भाच्याने शाळेतल्या विज्ञान दिनासाठी लिहिलेले भाषण मला तपासायला पाठवले, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर त्यात जसाच्या तसा उतरलेला दिसला. त्याचा आशय असा: चंद्राभोवती एक सौर उपग्रह सोडला की तो खालच्या यंत्रांना लेझरच्या किरणातून चोवीस तास वीज पाठवेल, वाटेत काहीच वाया जाणार नाही, चांद्रयान-३ चा विक्रम लँडरही याच किरणाने पुन्हा सुरू होईल, पण इस्रो मुद्दाम गप्प आहे.

यातला विक्रमविषयीचा दावा सर्वांत संतापजनक आहे, कारण ज्यांनी ती मोहीम यशस्वी केली त्यांच्यावरच तो संशय घेतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेला विक्रम एका चांद्रदिवसासाठी, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे १४ दिवसांसाठीच बांधलेला होता. ४ सप्टेंबरला त्याला निद्रावस्थेत नेले आणि पुढच्या रात्रीत तिथले तापमान उणे १२० अंशांच्याही खाली गेले. २२ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य पुन्हा वर आला. चंद्रावर आडवे यायला हवा नसल्यामुळे किरणांसमोर काटकोनात धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १,३६० वॅट ऊर्जा मिळते. ती मिळत असताना इस्रोने संपर्काचा प्रयत्न केला, तरीही उत्तर आले नाही. जिथे प्रत्यक्ष सूर्य पुरा पडला नाही, तिथे उपग्रहाचा किरण काय करणार? रात्र काढायला यंत्राच्या पोटात ऊब टिकवावी लागते. चीनच्या चांगई-४ ने त्यासाठी किरणोत्सारी उष्णतास्रोत नेले, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले एकेक वॅटचे दोन उष्णक चांद्रयान-३ च्या प्रणोदन मॉड्यूलवर, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेऊन कक्षेतच राहिलेल्या भागावर, होतेच.

चोवीस तासांचा दावा साध्या हिशेबातही टिकत नाही. १०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे ११८ मिनिटांत एक फेरी मारतो, एका ठिकाणाहून तो एका फेरीत जास्तीत जास्त बारा मिनिटे दिसतो, आणि कक्षेच्या स्थितीनुसार फेरीतली ४६ मिनिटांपर्यंत तो स्वतःच चंद्राच्या सावलीत असतो. उपग्रह दूर नेला तर तो जास्त वेळ दिसेल, पण किरण पसरेल. एक मीटरच्या आरशातून सोडलेल्या एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या लेझरचा ठिपका १०० किलोमीटरवर आदर्श स्थितीत पाव मीटरचा असतो, तोच ५८,००० किलोमीटरवर सुमारे १४० मीटरचा होतो.

‘काहीच वाया जात नाही’ यावर एकच दाखला पुरे आहे. अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर लेझरने ८०० वॅटहून अधिक वीज तीसेक सेकंद पोहोचवली. हा विक्रमी प्रयोग होता, तरी त्या चाचण्यांत कमी अंतरावरसुद्धा लेझरच्या प्रकाशाची वीज होईपर्यंत सुमारे २० टक्केच हाती लागले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. चंद्रावर हवा आणि ढग नसल्यामुळे लेझर वाटेत विखुरत नाही, आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टनसारख्या विवरांच्या तळाशी सूर्य कधीच पोहोचत नाही. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह दर फेरीला ध्रुवावरून जातो, त्यामुळे तिथे या कल्पनेचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. पण विवराच्या कडा क्षितिजाजवळचा उपग्रह झाकणार असल्याने ती बारा मिनिटेही पुरती मिळणार नाहीत. उरलेला सगळा वेळ रोव्हरला बॅटरीवर काढावा लागेल, आणि ती बॅटरी गोठू न देण्यासाठी लागणारी ऊबही त्याच काही मिनिटांच्या विजेतून काढावी लागेल.