दुष्काळाच्या बदल्यात फी माफ करा?

तालुक्याच्या अभ्यासिकांमध्ये भिंतीवर चिकटवलेल्या त्या ‘रोज वीस शब्द’वाल्या याद्या आधी फाडून फेका. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी शब्द. कन्डोन म्हणजे माफ करणे. झालं शिकवून! बापानं सोयाबीन विकून क्लासची फी भरलेली, पोरगं रात्री अकरापर्यंत घोकतं आणि सकाळी अर्जात लिहितं : ‘आय अंडरसाइन्ड रिक्वेस्ट यू टू कन्डोन माय हॉस्टेल फी इन ल्यू ऑफ ड्रॉट.’

एका ओळीत तीन घोटाळे. पोराचे नाहीत, त्या यादीचे.

अंडरसाइन्ड म्हणजे खाली सही करणारा. त्याच्या आधी ‘द’ पाहिजेच, आणि क्रियापद तृतीय पुरुषी : ‘द अंडरसाइन्ड रिक्वेस्ट्स’. ‘आय’ ठेवायचा असेल तर ‘आय, द अंडरसाइन्ड, रिक्वेस्ट’, दोन्ही स्वल्पविरामांसकट. नुसतं ‘आय रिक्वेस्ट’ लिहिलं तरी अर्ज तेवढाच चालतो, हे कोणी सांगतच नाही.

कन्डोन होते ती चूक : उशीर, गैरहजेरी. म्हणून ‘कन्डोन द डिले’. फी हा काही गुन्हा नाही. फी ‘वेव्ह’ होते. स्पेलिंगमध्ये ‘व्ही’च्या आधी ‘आय’ घाला, नाहीतर हात हलवणं होईल.

आणि सगळ्यात वाईट ते ‘इन ल्यू ऑफ’. त्याचा अर्थ ‘च्या ऐवजी’. पैशांऐवजी बियाणं दिलं तर ‘सीड इन ल्यू ऑफ कॅश’ बरोबर. दुष्काळ पाहता सवलत मागायची तर ‘इन व्ह्यू ऑफ’. कानाला दोन्ही सारखे लागतात म्हणून घसरतात, पण कागदावर अर्थ होतो ‘दुष्काळाच्या बदल्यात फी माफ करा’. खरोखर पिचलेल्या घरचा अर्ज, आणि वाचणाऱ्याला भलताच लागतो!

काहून होते असं? कारण शब्द एकटा शिकवतात. वखर आणि डवरा दोन्ही मातीतच चालतात, पण उभ्या पराटीत, म्हणजे कपाशीत, कोणी वखर घालत नाही, तिथं डवराच. आपण ‘त्याला भेटलो’ म्हणतो, ‘त्याचा भेटलो’ कधीच नाही. इंग्रजी शब्दाचाही असाच ठरलेला जोडीदार असतो : अबाइड बाय, रिफ्रेन फ्रॉम, कन्ड्यूसिव्ह टू. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही, ‘इन स्पाइट’ला लागतो. ‘डिस्कस’पुढचं चुकीचं ‘अबाउट’ तर शिकवणाऱ्यांच्याच तोंडी बसलंय. ‘कम्प्राइज’मध्ये आधी अख्खं येतं, मग भाग : ‘द कमिटी कम्प्रायझेस फाइव्ह मेंबर्स’. मध्ये ‘ऑफ’ नको. ‘ऑफ’ पाहिजेच असेल तर ‘कन्सिस्ट्स ऑफ’ लिहा.

वीस नको, दिवसाला तीनच शब्द घ्या. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश मोबाइलवर फुकट उघडतो. त्यात अर्थावर थांबू नका, खालची उदाहरणवाक्यं उतरवा. शब्दापुढचं ‘बाय’, ‘फ्रॉम’, ‘टू’सारखं अव्यय लाल पेनानं. तो कशासोबत येतो तेही लिहा : उशिरासोबत की फीसोबत. मग आपल्या अर्जाचं एक वाक्य करा आणि पुन्हा त्या उदाहरणांशी ताडून पाहा. शब्द बसत नसेल तर सरळ साधा शब्द घाला. ‘कमेन्स’च्या जागी ‘स्टार्ट’ लिहिलं म्हणून कोणाचा अर्ज परत येत नाही.