मत्स्यालय बघा, पण येताना पिशवीत मासा आणू नका

सुट्ट्यांत लेकरांना घेऊन शहरात गेलात तर मत्स्यालय जरूर दाखवा, आणि जमलं तर दिवेलागणीला जा. बाहेरचा उजेड गेला की काचेवरची चमक कमी होते, आतलं नीट दिसतं. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून मोबाइल काचेला टेकवा. काच ठोकू मात्र देऊ नका. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी संवेदनारेषा असते, पाण्यातला बारीक धक्काही तिला कळतो.

खरा घोळ बाहेर पडल्यावर होतो. लेकरू हट्ट धरतं, मग काचेचं गोल भांडं आणि दोन गोल्डफिश घेऊन मंडळी रात्रीच्या एसटीत बसतात. आठवड्याच्या आत मासा उलटा तरंगतो आणि सगळे म्हणतात, आपल्याकडचं पाणी मानवलं नाही. बहुतेक वेळा मारतो तो अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून तो सतत पाण्यात सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला 4 ते 6 आठवडे लागतात. नव्या भांड्यात ते नसतातच. त्यात पाणी गढूळ दिसलं की आपण स्पंज नळाखाली खळखळून धुतो, म्हणजे वसलेलेही मारतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळावा.

गोल्डफिश तर विदर्भात नकोच. तो थंड पाण्याचा मासा. 20 अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशाला 7 च्या आसपास. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात आणि वरून लाइन गेलेली. पाणी तापतं तशी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो.

हौस असेल तर गप्पी ठेवा. डासांच्या अळ्या खायला डबक्यांत सोडतात तेच. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांची पैदास होते, तिथे विचारा. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकीत साधारण 50 लिटर पाणी बसतं. ती भरली की पन्नास किलोच्या वर जाते, तेव्हा स्टूल डगमगता नको. बोअरचं पाणी असो की ब्लीचिंगचं, उघड्या बादलीत 24 तास ठेवून मगच घाला. जिवाणू वसावेत म्हणून मासे आणण्याआधी महिनाभर रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवा. कुणाच्या जुन्या टाकीतल्या स्पंजाचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाइन गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. उन्हाळ्यात टाकीच्या मागच्या काचेला ओलं गोणपाट लावा, बर्फ टाकू नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या, आठवड्याला चौथाई पाणी बदला.

गप्पी भराभर वाढतात. जास्तीचे झाले तर आरोग्य केंद्रात परत द्या, पण मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, कधीच सोडू नका. काच साफ करायला आणलेला सकर फिश तर अजिबात नको, तो तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, बिळं करतो. आपल्या तलावांतल्या माशांवर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची घरं चालतात.