बंड्याचं खास खातं

बंड्याला बँकेतून फोन आला होता. साधं खातं बदलून त्यांचं 'खास' खातं घ्यायचं. दरमहा शुल्क भरायचं आणि त्यात प्रवास विमा, मोबाइलचा विमा, शिवाय गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत. कट्ट्यावर पोचला तेव्हा त्याचं ठरलेलंच होतं, आमचं मत वगैरे काही नको होतं.

"हा तक्ता बघा. तिन्ही विमे वेगवेगळे घेतले तर केवढ्याला पडतात आणि खात्याचं शुल्क केवढं. निम्म्यात काम!"

"गाडी कुठाय तुझी?" अण्णांनी विचारलं.

बंड्याकडे गाडी नाही. घेण्याचा विचारही नाही.

"मग तो आकडा खोड. आता प्रवासाचं बोल. वर्षातनं किती वेळा जातोस?"

"एकदा. कधीकधी तेही नाही."

"एका सहलीपुरता विमा सुटा मिळतो. या तक्त्यात वर्षभराचा धरलाय. म्हणजे तोही आकडा फुगवलेला. राहिला मोबाइल, आणि त्याचा विमा तू दुकानातच काढलायस. मागच्या महिन्यात सांगत होतास."

अण्णा निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत क्लेमचं काम बघायचे, त्यामुळे माणूस बोलायला लागला की त्यांना आधी वगळलेल्या गोष्टी दिसतात. बंड्याने शेवटचा पत्ता टाकला, "मग दोन्हीकडून क्लेम करीन की."

"नाही चालत. वस्तूच्या विम्यात झालेलं नुकसान भरून मिळतं, कमाई होत नाही. दोन पॉलिसी असल्या तर दोन कंपन्या खर्च आपसात वाटून घेतात, तुला तेवढेच पैसे. अपघाती मृत्यूच्या विम्यात ठरलेली रक्कम दोन्हीकडून मिळू शकते, पण ती घ्यायला तू नसशील."

इथपर्यंत एकतर्फी चाललं होतं. मग सुलूताई बोलली. तिच्याकडे असलं खातं गेली काही वर्षं आहे आणि ते सोडायचा तिचा अजिबात विचार नाही.

"अण्णा, तुम्ही एकट्या माणसाचा हिशोब करताय. आम्ही नवरा-बायको, दोन मुलं, वर्षातनं तीन-चार प्रवास. एका शुल्कात चौघं येतात. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तीही कंपनीला कळवून, वरचा हप्ता भरून त्यात घालून घेतली. बाहेर नवी पॉलिसी घ्यायला गेले तर याहून जास्त पडतं, मी विचारून आलेय. आणि दरवर्षी नूतनीकरण विसरायचा प्रश्न नाही."

"विसरायचा प्रश्न नाही हीच भानगड आहे," अण्णा म्हणाले. "शुल्क आपोआप कापलं जातं, पण विमा तेवढाच आपोआप चालू राहतो का? प्रवास विम्याला बऱ्याचदा वयाची मर्यादा असते. ती ओलांडली की संरक्षण संपलं, शुल्क मात्र चालूच. मोबाइल बदललास आणि नवा नोंदवला नाहीस, तर काही ठिकाणी त्याला विमाच नाही. मधे एखादा आजार निघाला आणि कळवला नाही, तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं."

ब्रिटनचं उदाहरणही त्यांनीच दिलं. तिथे असली खाती सर्रास विकली गेली आणि ज्यांना क्लेम करताच आला नसता अशांच्याही गळ्यात पडली. तक्रारी तिथल्या लोकपालापर्यंत, म्हणजे बँका-विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या यंत्रणेपर्यंत गेल्या. २०१३पासून तिथल्या नियामकाने नियम केला, की विकतानाच ग्राहक प्रत्येक पॉलिसीला पात्र आहे का ते तपासायचं आणि दरवर्षी पत्र पाठवून त्याला आठवण द्यायची. नियम करावा लागला, यातच काय ते आलं असं मला वाटतं.

सुलूताई मागे हटली नाही. "मग वर्षातनं एकदा कागद वाचायचे. सुटा विमा घेतलात तरी वाचावेच लागतात ना?"

याला अण्णांकडे उत्तर नव्हतं, त्यांनी विषय जरा सरकवला. असल्या खात्यात बहुधा बँकेने सगळ्या खातेदारांसाठी घेतलेली एकच समूह पॉलिसी असते. बँकेने उद्या कंपनी बदलली किंवा मोबाइलचा विमा काढून टाकला, तर आपल्याला सूचना येणार, कौल कोणी घेणार नाही. खातं बंद केलं की विमाही गेला, मग पुढच्या महिन्याचं तिकीट काढलेलं का असेना.

"म्हणून तर सोडत नाही," सुलूताई म्हणाली. "सोडायचंच झालं तर आधी दुसरी पॉलिसी हातात घेईन, मग खातं साधं करून मागेन."

माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या घरांबद्दल बोलत होते. सुलूताईकडे चार माणसं तो विमा खरोखर वापरतात. बंड्या तक्त्यातल्या बेरजेवर भाळला होता, आणि ती बेरीज बँकेने केलेली होती.

बंड्या जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण यंदा आईला घेऊन जायचंय. ती येते का यात?"

आता अण्णा आणि सुलूताईचं पहिल्यांदा एकमत झालं. बहुतेक वेळा खातेदार, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं एवढंच कुटुंब धरतात, आईवडील नाही. त्यात तिचं वय, तिची साखर.

"विचार त्या मॅनेजरला," सुलूताई म्हणाली, "पण फोनवर नको, लेखी. आणि पत्रक नको म्हणावं, पूर्ण पॉलिसी पाठवा."

बंड्याने तिथेच मेसेज टाकला. पाचेक मिनिटांत उत्तर आलं, सोबत तोच तक्ता.