व्होगिंग मॅडोनाचं नाही, आणि डिप म्हणजे पडणं नाही

डान्सच्या रील्ससोबत हा मजकूर सारखा फिरतो: ‘व्होगिंग हा मॅडोनाने 1990 मध्ये काढलेला नाच. मासिकातल्या मॉडेलसारख्या पोझ द्यायच्या आणि शेवटी धाडकन पाठीवर पडायचं.’ यात तीन चुका आहेत.

‘मॅडोनाने काढला.’ तिचं ‘व्होग’ हे गाणं मार्च 1990 मध्ये आलं. त्यातला नाच बसवला होझे गुतिएरेझ आणि लुईस कमाचो यांनी. दोघेही हाऊस ऑफ एक्स्ट्राव्हगान्झाचे, आणि ते हाऊस 1982 पासूनचं. हाऊस म्हणजे ‘बॉल’ या नाच-पोशाखाच्या स्पर्धांत उतरणारं कुटुंबासारखं मंडळ. नाच त्यांच्याकडून तिच्याकडे गेला. तो नेमका कोणी सुरू केला याबद्दल बॉलरूममध्येच, म्हणजे या बॉलच्या जगातच, दोन गोष्टी सांगतात: कोणी पॅरिस डुप्री या बॉलमधल्या कलाकाराचं नाव घेतं, कोणी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातल्या कैद्यांचं. मुळं मात्र न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली. ड्रॅग, म्हणजे पुरुषांनी स्त्रीवेशात उतरायच्या, सौंदर्यस्पर्धांत काळ्या स्पर्धकांना डावललं जायचं. 1967 मध्ये क्रिस्टल लाबेजा यांनी त्याविरुद्ध भर स्पर्धेत आवाज उठवला आणि पुढे 1970 च्या दशकात हाऊस ऑफ लाबेजा उभं राहिलं. घरच्यांनी हाकललेल्या काळ्या आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स मुलांना हाऊसची ‘मदर’ सांभाळायची, बॉलसाठी तयार करायची. हाऊसचं नाव हेच त्यांचं आडनाव. हा भाग गाळून व्होगिंगबद्दल बोलणं हा या मुलांवर अन्यायच आहे.

‘नुसत्या पोझ.’ नाव ‘व्होग’ मासिकावरून आलं, एवढं खरं. पण ओल्ड वे ही व्होगिंगची जुनी शैली म्हणजे दोघांमधली लढत असते. सरळ रेषा, काटकोन, ठेक्यावर अचूक थांबणं, आणि समोरच्याला हलायला जागा उरणार नाही असं अडवणं. नावाजलेला व्होगिंग नर्तक विली निंजा तळहाताचा आरसा करायचा, त्यात बघून स्वतःचा मेकअप करायचा आणि मग तोच आरसा प्रतिस्पर्ध्याकडे वळवायचा: बघ, तुझा चेहरा कसा दिसतोय! न्यू वे या नंतरच्या शैलीत खांदे आणि मनगटं जवळजवळ सांध्यातून निखळल्यासारखी फिरतात. व्होग फेम या बायकी ढंगाच्या शैलीची अंगं पाच: हात, कॅटवॉक, डकवॉक (उकिडवं बसून चालणं), जमिनीवरचं काम, आणि गिरकी व डिप.

‘धाडकन पडायचं.’ बाहेर ज्याला ‘डेथ ड्रॉप’ म्हणतात, तो हा डिप. ‘द हा डान्स’ या 1991 च्या ट्रॅकमध्ये दर चौथ्या ठोक्याला झांज फुटल्यासारखा आवाज येतो. डिप त्याच क्षणी जमिनीला लागला पाहिजे, तबल्याच्या समेवर यावं तसा. अर्धा ठोका उशीर झाला तरी सगळ्या हॉलला कळतं.

शरीर खाली जातं ते पायाच्या ताब्यात. गिरकी संपता संपता सगळं वजन एका पायावर घ्यायचं, तो गुडघा पूर्ण दुमडून कुल्ला टाचेजवळ आणायचा, हात जमिनीला टेकवायचा आणि मगच पाठीची कमान करत खांदे खाली न्यायचे. दुसरा पाय लांब सुटतो. हनुवटी छातीकडेच हवी, नाहीतर डोक्याची मागची बाजू आपटते. उभ्यानेच मागे झोकून दिलं तर माकडहाडावर मार बसतो. बूट जमिनीला चिकटत असेल तर पाऊल अडकतं, वरचं अंग फिरत राहतं आणि पिळवटतो तो गुडघा. म्हणून सुरुवात गादीवर, उकिडवं बसून करायची. तिथून आवाज न करता पाठीवर जाता आलं, की उंची वाढवायची. गिरकी सगळ्यात शेवटी जोडायची.