हलक्या कानांसाठी चार समजुतीच्या गोष्टी

तुमच्याकडे एक हेडफोन आहे. सेनहायझरचा एचडी ६०० समजू या, कारण सतत नवा हेडफोन घ्यायचा हा रोग जडलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा मुक्काम तिथे कधी ना कधी पडलेला असतो. १९९७ सालचं मॉडेल, अजून विकलं जातंय. पाच-सहा वर्षं तो तुमच्या डोक्यावर आहे. रात्री एक अल्बम ऐकायला बसता आणि तीन ऐकून उठता.

हे असं किती दिवस चालवून घ्यायचं?

तेव्हा आधी त्याच्यात खोट काढा. 'मिड्स (मधले सूर) सुंदर आहेत, पण...' असं म्हणायला लागा, पुढचं आपोआप सुचतं. पण अगदी खालचा बेस गळतो. पण साउंडस्टेज अरुंद आहे, गायिका समोर नसून आपल्या कपाळातच उभी आहे. इतकी वर्षं ती तिथेच उभी होती आणि तुमची काही तक्रार नव्हती, हे कुणाला सांगायचं नाही.

इथे एक धोका सांगून ठेवतो. हेडफोन हातात घेतलात तरी कानाच्या गाद्यांकडे बघू नका. बघितलंत तर दिसेल की मखमल चिकटून गुळगुळीत झाली आहे, आतला फोम बसून भाकड झालाय आणि जाळीला दोन केस अडकलेत. फोम बसला की ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, कानाच्या जवळ येतो आणि सूर बदलतो. 'हल्ली पूर्वीसारखी मजा येत नाही' यातला बराचसा भाग तिथे असतो. नव्या गाद्या बसवायला दोन मिनिटं लागतात. जुनी ओढून काढायची, नवी कडेकडेने दाबत जायची, टक टक आवाज येतो, झालं. खर्च नव्या हेडफोनच्या मानाने नखाएवढा. म्हणूनच हे करू नका. प्रकरण तिथेच मिटेल आणि तुम्हाला पुन्हा गाणी ऐकत बसावं लागेल.

ईक्यूचंही, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या सोयीचंही, तसंच. बेस कमी वाटतो तर चार डेसिबल वाढवून बघ, असं कुणी म्हणालं तर दुखावल्यासारखा चेहरा करा आणि कलाकाराच्या मूळ हेतूबद्दल बोला. नवा हेडफोन म्हणजेही बऱ्याच अंशी बटणं नसलेला ईक्यूच, हा मुद्दा त्याला सुचेपर्यंत विषय बदला.

आता निवड. प्लेनर जातीचा हेडफोन घ्यायचा तर माहिती हवी: पातळ पडद्यावर विजेची वाट छापलेली असते आणि तो चुंबकांच्या रांगांमध्ये हलतो. चुंबकांना वजन असतं. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा, तर काही प्लेनर अर्ध्या किलोच्या पुढे जातात. संगीताला मान द्यावी म्हणतात, ती अशी. इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विजेच्या दाबावर पडदा हलवणारी जात, त्याहून खानदानी. स्टॅक्स या कंपनीने पहिला १९६० साली काढला. त्यांच्या आजच्या जोडांच्या पडद्यावर ५८० व्होल्ट असतात आणि तुमचा आहे तो अँप (ॲम्प्लिफायर) त्याला चालत नाही, स्वतंत्र लागतो. ही अडचण समजू नका, ही दुसऱ्या खरेदीची सोय आहे.

तुलना कशी करावी, याबद्दल मात्र मी कडक आहे. अँपचा नॉब हलवायचा नाही. तुमचा जुना ३०० ओहमचा, म्हणजे अँपकडून जास्त व्होल्टेज मागणारा, नवा बहुधा त्याच नॉबवर जास्त मोठा वाजेल. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज कमी असला तर कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. म्हणजे नुसतं मोठं वाजलं तरी बेस भरल्यासारखा वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक असेल तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाहीत, 'उमदा' म्हणतात. मीटर लावून दोन्ही सारखे केलेत की हा उमदेपणा जातो, म्हणून मीटर घरात नको. शिवाय एक काढून दुसरा चढवण्याच्या मध्ये पाणी पिऊन या. बारीक फरकांची आठवण कानात काही सेकंदच टिकते, उरलेली जागा मन भरून काढतं, आणि मनाने तर निर्णय केव्हाच घेतलेला असतो.

माझाच अनुभव घ्या. एका मित्राकडे नवी केबल ऐकायला बसलो. डोळे मिटले, गाणं लागलं, आणि मी पंधरा मिनिटं बोलत होतो: पडदा बाजूला झाला, वाद्यांमध्ये हवा खेळायला लागली, वगैरे. डोळे उघडले तर नवी केबल माझ्याच मांडीवर, गुंडाळलेली. 'अरे, लावायची राहिलीय,' तो म्हणाला. मी लगेच कानाला खडा लावला, की पुन्हा मध्येच डोळे उघडायचे नाहीत.

२०१७ साली जेरोएन ब्रीबार्ट या संशोधकांनी २८३ हेडफोनच्या मोजमापांवर शोधनिबंध लिहिला. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो ते) आणि किंमत यांचा म्हणावा तसा संबंध त्यांना सापडला नाही. हा निबंध वाचू नये. अशाने माणसाचा किमतीवरचा विश्वास उडतो.

घेतलात आणि आवडला नाही, तर घाबरू नका. दोनशे तास 'बर्न-इन' करा, म्हणजे मुरण्यासाठी नुसता वाजत ठेवा. त्या काळात हेडफोन फारसा बदलत नाही, तुम्ही बदलता, आणि मुख्य म्हणजे परत करायची मुदत उलटून जाते.

नंतर काही जुनी गाणी लावाल तर त्यात खरखर ऐकू येईल, 'स'ला धार आलेली असेल. यालाच डिटेल म्हणतात. ती गाणी यादीतून काढून टाका. पुढे यादीत सातच उरतील, उत्तम ध्वनिमुद्रित, त्यातली पाच तुम्हाला न आवडणारी. तीच लावत जा, पहिली चाळीस सेकंद. गायिकेने श्वास घेतला, मागे कुणाची तरी खुर्ची करकरली, की बंद करून पुढचं. गाण्याचे शब्द सुरू होतात तिथे हेडफोन ऐकण्यात व्यत्यय येतो.

आणि जुना जोड उगाच घरात ठेवू नका, चुकून कधी लावून बसाल. विकायचा झाला तर आधी मला कळवा. गाद्या बसलेल्या असल्या तरी चालेल, त्या मी बदलून घेईन.