चौदा दशांश स्थळं आणि एक निळं वर्तुळ

गेले काही दिवस एक संदेश फिरतोय. नकाशाचं चित्र, त्यावर लाल पिन आणि खाली अक्षांश-रेखांशांचे लांबलचक आकडे, दशांशचिन्हानंतर चौदा-चौदा. मजकूर थोडक्यात असा: पत्ता माणूस लिहितो म्हणून चुकतो, अक्षांश-रेखांश यंत्र देतं म्हणून चुकत नाहीत. जितके आकडे जास्त, तितकी जागा अचूक. हे आकडे जगात कुणालाही पाठवा, तो त्याच इंचावर येऊन उभा राहील. तेव्हा पत्ते लिहिणं सोडा.

नकाशावरची ठिकाणं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ‘बघ, तुझ्या कामाचं आहे’ म्हणत एकाच आठवड्यात पाच जणांनी मला तो पाठवला. पाचांनाही हेच उत्तर.

‘जितके आकडे जास्त, तितकी जागा अचूक.’

आधी हिशेब मांडू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण 111 किलोमीटर. दशांशचिन्हानंतर एकेक अंक वाढला की हे अंतर दहापट लहान होत जातं. तिसऱ्या स्थळाला 111 मीटर, चौथ्याला 11 मीटर, पाचव्याला मीटरभर, सहाव्याला 11 सेंटिमीटर, आठव्याला एक मिलिमीटर. आणि चौदाव्याला? एक नॅनोमीटर. चार-पाच अणू शेजारी शेजारी मांडले तर होईल तेवढी रुंदी. फोनला तुमचा दरवाजा चार अणूंच्या फरकाने माहीत आहे, असा हा दावा झाला.

मग एवढे आकडे येतात कुठून? संगणक अपूर्णांक साठवताना पंधरा-सोळा अंकांची जागा धरून ठेवतो आणि छापायला सांगितलं की सगळे छापून मोकळा होतो. कॅल्क्युलेटरला दहा भागिले तीन विचारलं की तो पडदा भरेपर्यंत तीन लिहितो, तसंच. तो मोजमापाचा भाग नाही, सवयीचा आहे. उलटही होतं. साठवायला 32 बिटांचीच, म्हणजे नेहमीच्या निम्मी जागा दिली, तर 180 अंशांजवळच्या रेखांशांत विषुववृत्तावर 1.7 मीटरच्या पायऱ्या पडतात. दोन पायऱ्यांमधली जागा त्या आकड्याला सांगताच येत नाही.

आता फोनचं बघू. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात आणि संकेत पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळात तेवढी चूक झाली तर अंतरात वीतभरापेक्षा जास्त. शिवाय वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात संकेत थोडा रेंगाळतो. समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून आला, तर वाट लांबते आणि फोन ती लांबलेली वाटच खरी धरून चालतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक किती, तर खुद्द अमेरिकी सरकारची जीपीएसविषयक माहिती 4.9 मीटर त्रिज्या सांगते. म्हणजे पाचवा अंकच अंदाजाचा. पुढचे नऊ नुसती शोभा.

मी एकदा गच्चीच्या कठड्यावर फोन ठेवला आणि फक्त उपग्रहांचे आकडे दाखवणारं अ‍ॅप चालू करून शेजारी बसून राहिलो. फोन तसूभर हलला नाही. सहावा अंक मात्र एक क्षण स्वस्थ बसेना. पाचवा दर थोड्या वेळाने बदलायचा. नंतर तोच फोन जिन्यात नेला, तर चौथाही डळमळू लागला. चौदावा अंक बघण्याची गरज उरली नाही.

खरं तर फोन स्वतः प्रामाणिक असतो. नकाशावर आपल्या ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं, ती त्याची कबुली आहे: ‘मी इथे कुठेतरी आहे.’ अँड्रॉइडमध्ये या त्रिज्येचा अर्थ ठरलेला आहे, खरी जागा वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के. म्हणजे तीनातून एकदा आपण वर्तुळाच्याही बाहेर. पण ठिकाण पाठवताना होतं काय, तर आकडे जातात आणि वर्तुळ मागे राहतं. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे.

सेंटिमीटरपर्यंत मोजता येतच नाही असं नाही. ज्याची जागा आधी पक्की ठरवलेली आहे असं दुसरं यंत्र जवळ ठेवून, दोघांच्या चुका वजा करत मोजणी करणारे लोक तिथपर्यंत पोहोचतात. त्यांचा सातवा अंक मी मानतो. फोनचा नाही.

‘जगात कुणालाही पाठवा, त्याच इंचावर येईल.’

आकडे कुठल्या चौकटीत मोजलेत हे सांगितल्याशिवाय इंच सोडा, गल्लीही जुळेलच असं नाही. या चौकटीला डेटम म्हणतात: पृथ्वीचा आकार कसा धरला आणि मोजायला सुरुवात कुठून केली. ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची पट्टी आहे, पर्यटक तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात. तिथे फोन काढून बघितलात तर शून्य येत नाही. ते येतं पूर्वेला सुमारे 102 मीटर चालत गेल्यावर. ती पट्टी ठरवणाऱ्या जुन्या दुर्बिणीने ओळंब्याची स्थानिक दिशा प्रमाण धरली होती आणि ती गुरुत्वाकर्षणाच्या स्थानिक फरकांमुळे किंचित कललेली असते. उपग्रहांची चौकट पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रापासून मोजते. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

जपानने एप्रिल 2002 मध्ये जुनी चौकट सोडली. टोकियोच्या परिसरात जुने आकडे नव्या नकाशावर टाकले, तर साधारण 450 मीटर चुकतात. चीनमध्ये सार्वजनिक नकाशे नियमानेच काही शे मीटर सरकवलेले असतात. आणि ऑस्ट्रेलियात तर जमीनच चालते, वर्षाला सुमारे 7 सेंटिमीटर. 1994 च्या चौकटीतले आकडे 2020 पर्यंत 1.8 मीटर मागे पडले, म्हणून नवी चौकट आणावी लागली. चौदा स्थळं लिहिणाऱ्याने खंडाचा वेग तरी सोबत लिहायला हवा!

संदेशात एक तक्ताही आहे, त्यात रेखांशाचा अंशही सरसकट 111 किलोमीटर दिलाय. तो विषुववृत्तावर. ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ येत जातात, 60 अक्षांशावर अंतर निम्मं होतं.

‘यंत्र देतं म्हणून चुकत नाही.’

यंत्र देतं, पण टाइप माणूस करतो. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं तरी पिनकोड, गल्ली, खूण मिळून सांभाळून घेतात आणि काहीतरी बिघडलंय हे वाचणाऱ्याला कळतं. अक्षांशाचा दुसऱ्या स्थळाचा अंक एकाने चुकला, तर तुम्ही किलोमीटरभर लांब जाता आणि तो आकडाही बरोबर आकड्याच्याच ऐटीत उभा असतो. 40 अंश 30 मिनिटं म्हणजे 40.5, पण लोक सर्रास 40.30 लिहितात. फरक 22 किलोमीटरचा. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, जिओजेसन या फाइल प्रकारात मात्र रेखांश आधी लिहितात. 40 आणि 75 ची अदलाबदल झाली, तर मध्य आशियातल्या डोंगरातला माणूस बॅरेंट्स समुद्रात जातो. ही चूक त्यातल्या त्यात बरी, लगेच दिसते तरी.

सगळं बरोबर आलं, तरी पिन कशावर आहे? पुष्कळदा इमारतीच्या मध्यावर. फाटक मागच्या रस्त्याला असेल, घर सातव्या मजल्यावर असेल. दोन आकड्यांत उंची बसत नाही. समुद्रात, वाळवंटात, जंगलात अक्षांश-रेखांशाला तोड नाही, हे मान्य. तिथे फाटक नसतं.

आणि यंत्राने दिलेल्या आकड्याचा धाक किती असतो, ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर राहणाऱ्यांना विचारावं. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांना मिळणाऱ्या क्रमांकांची, म्हणजे आयपी पत्त्यांची, ठिकाणं पुरवणाऱ्या एका कंपनीकडे, ‘अमेरिकेत आहे, पण नक्की कुठे ते माहीत नाही’ अशा पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक सोयीचा बिंदू ठरलेला होता: 38 उत्तर, 97 पश्चिम. ‘माहीत नाही’ हे शब्द वाटेत गळले, आकडे तेवढे उरले. त्या आकड्यांवर एक घर होतं. फसवणुकीचा, चोरीच्या फोनचा, हरवलेल्या माणसाचा माग काढत वर्षानुवर्षं पोलीस आणि संतापलेले लोक त्या दारात येत राहिले. 2016 मध्ये हे उघडकीला आल्यावर कंपनीने बिंदू हलवला. आता तो विचिटा शहराच्या पश्चिमेला, एका जलाशयाच्या पाण्यात आहे.