औषध वेळेवर, मूल मात्र पाळण्यात

फिजिओथेरपिस्ट म्हणून एचआयव्ही असलेल्या लहान मुलांच्या संस्थांमध्ये माझं जाणं-येणं असतं. तिथे एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ चिडचिड होते. "याचं सगळं जरा उशिराच होणार हो, आजारच तसा आहे."

आजार तसा आहे, मान्य. हा विषाणू बाळाच्या मेंदूत फार लवकर शिरतो. तो चेतापेशींना थेट धरत नाही, मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये ठाण मांडतो आणि तिथे होणाऱ्या दाहाने आजूबाजूचं नुकसान होतं. मग पाय ताठरतात, मूल चवड्यांवर उभं राहतं, कधी कधी आलेलं बसणंसुद्धा हरवतं. (आलेली गोष्ट हरवली तर "बघू पुढच्या महिन्यात" नको, लगेच डॉक्टर.) म्हणून तर उपचार लवकर सुरू व्हायला हवेत. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या तान्ह्या बाळांवर झालेल्या एका औषध-चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. मूल आजारी पडायची वाट न बघता पहिल्या तीन महिन्यांतच एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी औषधं) सुरू केली, तर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. त्यातल्याच काही मुलांची पुढे विकासाची तपासणी झाली, तेव्हा हालचालींतही लवकर औषध मिळालेली मुलं पुढे होती.

पण मला भेटतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात असतो. औषधाचं रजिस्टर चोख, एक डोस चुकलेला नाही. आणि तरी दोन वर्षांचं पोर उभं राहत नाही. त्याचं खापर विषाणूवर फोडण्याआधी त्या पोराचा दिवस कसा जातो ते बघा ना. पाळणा, दूध, कपडे बदलणं, परत पाळणा. एका मावशीकडे इतकी बाळं की जे गप्प पडून राहतं ते "शहाणं" ठरतं.

एक मुलगी आठवते. पाय तपासले तर ताठरपणा नाही, गुडघे ठीक, ताकद बेताची पण पुरेशी. जमिनीवर उभी करायला गेले की दोन्ही पाय वर ओढून घ्यायची. तळवे इतके मऊ, की त्यांना फरशी कधी लागलीच नसावी. हाताच्या जरा पुढे चेंडू ठेवला, तर चेंडूकडे झेपावण्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघत बसली. कुणीतरी आणून देईल याची वाट बघत! मग तिला रोज भरवणारी मावशी समोर चटईवर येऊन बसली, आणि बाईसाहेब दोन्ही हात टेकून पुढे सरकल्या. माझी सगळी विद्या बाजूलाच राहिली.

संस्थेत असंच चालायचं, हेही मला पटत नाही. एमी पिकलर या डॉक्टरांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला तान्ह्या बाळांचं एक बालगृह सुरू केलं. तिथे बाळांना बसायला-उभं राहायला शिकवत नसत. मोकळी जमीन, सैल कपडे, आणि भरवताना-आंघोळ घालताना पूर्ण लक्ष देणारं ओळखीचं माणूस, एवढं सांभाळलं जायचं. मुलं आपापली चालायला लागायची. एचआयव्ही असलेल्या मुलाला याच्या जोडीला व्यायाम लागेल, काहींना पायाला आधार देणारे स्प्लिंट लागतील. पण याच्या ऐवजी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार निरोगी मुलं साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्र चालायला लागतात. म्हणजे पट्टा चांगला रुंद आहे. रांगलं नाही म्हणून घाबरू नका, काही मुलं रांगतच नाहीत. पण दीड वर्ष उलटूनही चालत नसेल तर तपासणी टाळू नका.

आणि हो, कडेवर घेतल्याने एचआयव्ही होत नाही, हे आजही सांगावं लागतं. नुसतं उचलायला हातमोजे घालणारी माणसं मी पाहिलीत. फोटोपुरतं उचलून पाच मिनिटांत परत ठेवणारीही.

देणगीदारांना एक विनंती. चाकांचे वॉकर आणू नका. त्यांनी मूल लवकर चालत नाही, उलट पडून इजा होण्याचा धोका असतो. कॅनडात तर २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. त्याऐवजी दोन जाड चटया द्या, आणि चार-पाच जणांनी मिळून आणखी एका मावशीचा वर्षाचा पगार उचला. फक्त ती दर तीन महिन्यांनी बदलणार नाही, एवढं संस्थेकडून आधी कबूल करून घ्या.